पहिला नंबर सोडताना

परळच्या केईएम हॉस्पिटलात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ती बातमी देशभर गाजली. हे घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव तेव्हापासून घरोघरी ठाऊक झालं. या कामाची प्रयोगशाळेतली बाजू मात्र केईएमपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या प्रजनन संशोधन संस्थेनं सांभाळली होती. संस्थेचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. ते रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते, शास्त्रज्ञ होते. त्यामुळे त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही.

गंमत म्हणजे त्यांचं आधीचं गाजलेलं काम मूल होण्याचं नव्हे, न होण्याचं. भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसायचा, त्या काळातलं. गर्भनिरोधक संप्रेरक गोळीतून देण्याऐवजी नाकात फवारलं, तर ते मेंदूपर्यंत लवकर पोचतं का आणि मग थोड्याशा मात्रेत काम भागतं का, हे ते माकडांवर तपासत होते. पुढे तोच माणूस निपुत्रिक जोडप्यांसाठी काचेच्या बशीत बीजफलन घडवू लागला. दोन्ही कामांचं मूळ एकच होतं : मेंदू आणि बीजांडकोष यांच्यातला निरोप कसा पोचतो, हे समजून घेणं.

आनंद कुमारांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा शोध मात्र प्रयोगशाळेत लागला नाही. तो लागला जुन्या कागदांत.

१९९७ मध्ये ते कोलकात्याला एका परिषदेसाठी गेले होते. तिथे त्यांच्या हाती डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या हस्तलिखित नोंदी आल्या. मुखर्जींनी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात टेस्ट ट्यूब बेबी जन्मल्याचं जाहीर केलं होतं. इंग्लंडमधली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन, त्याच्या अवघे ७० दिवस आधी जन्मली होती. पश्चिम बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ! समितीनं दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मुखर्जींना मिळाली नाही. शेवटी त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट याच प्रकरणाच्या छायेतला.

आनंद कुमार कागद वाचत गेले, आणि कामाची रीत पाहून हे थापाड्याचं लिखाण नव्हे हे त्यांना उमगलं. लुईसच्या वेळी इंग्लंडच्या डॉक्टरांनी नैसर्गिक पाळीत तयार होणारं एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बीण घालून काढलं होतं. मुखर्जींनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून मिळवलेलं संप्रेरक देऊन एका वेळी अनेक बीजं तयार करवली आणि ती योनिमार्गानं काढली. अशा औषधी पाळीत गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजवायला नीट तयार नसतं. म्हणून त्यांनी भ्रूण गोठवले, ५३ दिवस तसेच ठेवले आणि पुढच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडले. गोठवण्याच्या कामात त्यांच्या सोबतीला होते सुनीत मुखर्जी, जादवपूर विद्यापीठातले अन्नतंत्रज्ञ. गोठवलेल्या भ्रूणातून गर्भधारणा झाल्याचं ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालं ते १९८३ मध्ये. आज कुठल्याही आयव्हीएफ क्लिनिकात जा. बीजं वाढवायची इंजेक्शनं, योनिमार्गानं बीज काढणं, भ्रूण गोठवून नंतर सोडणं, हे सगळं नेहमीचंच झालं आहे.

पेच आनंद कुमारांपुढे होता. मुखर्जी पहिले ठरले, तर परळचा पहिलेपणा जाणार. कागद वाचून बाजूला ठेवले असते, तरी कुणी जाब विचारला नसता. त्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहिला आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जीच, असं मथळ्यातच म्हटलं. विज्ञानात श्रेयासाठी भांडणाऱ्यांची रांग लांबलचक आहे. स्वतःचं श्रेय पुराव्यासह दुसऱ्याच्या नावावर करून देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेही मृत माणसाच्या नावावर, म्हणजे परतफेडीची शक्यताही नाही.

आनंद कुमार जानेवारी २०१० मध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुईस ब्राउनच्या जन्मामागचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांना नोबेल जाहीर झालं. परळच्या त्या बाळाची ओळख आता बहुतेक ठिकाणी ‘भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ अशी छापली जाते. मधले ते तीन शब्द १९८६ च्या बातमीत नव्हते.