थीटा म्हंजी काय रं?

माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. नवा होतो तेव्हा शेतकऱ्याला ब्रिक्स, पोल असे शब्द ऐकवायचो. निमगावचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "सायेब, ते ऱ्हाऊद्या. टनाला साखर किती पडंल, ते सांगा." त्या दिवसापासून मी आकडा आधी सांगू लागलो.

बारामती-इंदापुरात 'रिकव्हरी' हा इंग्रजी शब्द पाटपाण्याइतका घरचा आहे. रिकव्हरी म्हणजे उतारा; साडेदहा टक्के उतारा म्हणजे टनामागे 105 किलो साखर. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये. पुढे प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. बिल हातात पडतं, तेव्हा शब्द खरा की खोटा ते कळतं.

म्हणूनच पुतण्या ट्रेडिंगच्या क्लासहून आला, तेव्हा मी त्यालाही शब्दाचा अर्थ विचारला.

"काका, ऑप्शन विकायचं. थीटा आपल्या बाजूनं हाय."

"थीटा म्हंजी काय रं?"

"टाइम डिके." एका शब्दाचा अर्थ त्यानं दुसऱ्या न कळणाऱ्या शब्दात सांगितला. क्लासमध्ये कोणी विचारलं का, म्हटलं. नाही. हॉल भरलेला, पडद्यावर आलेख, आणि न समजणारे आपण एकटेच असं प्रत्येकाला वाटत होतं. सांगणाऱ्याचं पांडित्य मोठं दिसतं ते या गप्प बसण्यामुळे.

ऑप्शन आपल्याला परका नाही. जमिनीचा इसार आठवा. पन्नास हजार देऊन तीन महिन्यांत ठरल्या भावानं जमीन घेण्याचा हक्क तुम्ही मिळवलात आणि व्यवहार सोडलात तर तेवढेच बुडतील, असं समजा. हा झाला कॉल ऑप्शन घेणारा. मुदत सरेल तशी त्या हक्काची किंमत विरत जाते, तो थीटा. माझा पुतण्या मात्र इसार घेणाऱ्याच्या जागी होता, आणि तेही जमीन हाती नसताना. भाव स्थिर तोवर पैसे त्याचे; भाव उसळला तर तोट्याला तळ नाही. चार महिने थोडं थोडं मिळत गेलं. एका दिवसात ते सगळं गेलं, आणि डाळिंबाची पट्टी मिळाली होती तीही त्यातच गेली.

शब्दांची ही जादू जुनी आहे. 1992 च्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर नऊ हजारांच्या आसपास पोचला, तेव्हा शेअर दलाल हर्षद मेहता 'रिप्लेसमेंट कॉस्ट'चा दाखला देई: असा कारखाना आज नव्यानं उभारायला किती लागतील बघा. कल्पना खरी आहे. पण तो कारखाना वर्षाला कमावतो किती, हा प्रश्न त्या शब्दाआड झाकला गेला. त्या एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी मेहताचा घोटाळा उघड केला.

अलीकडचा हिशोब शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये मांडला. तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 93 टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. शब्द त्यांच्यातल्याही पुष्कळांना येत असणार.

मला शब्दांचा राग नाही. डॉक्टरला, केमिस्टला ते लागतातच. पण जाणकार माणूस विचारलं की शब्द सोडून रुपयांत बोलतो. सल्ला देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: हे मराठीत सांगाल का? माझे जास्तीत जास्त किती जातील? तुमचा सेबीचा नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'नं, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'नं सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो ताडून बघता येतो.

परवा पुतण्या वही घेऊन आला. डाव्या बाजूला शब्द, उजवीकडे 'बुडतील किती'. एका ओळीत उजवी बाजू कोरी होती.

"हितं काय लिहू, काका?"

"लिहिता येत न्हाई तवर पैसं लावू नको," मी म्हटलं. त्यानं ती ओळ खोडली.