दाखल्याचे प्रशिक्षण

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑपरेशन्स’ हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जे प्रशिक्षण सक्तीने घ्यावे लागते, त्याविषयी आपल्याकडे एक वाक्य इतक्या निरनिराळ्या तोंडून आणि इतक्या निर्विकारपणे ऐकू येते की, ते विद्यापीठाच्या नियमावलीतच छापलेले असावे असा एखाद्या परक्या माणसाचा समज व्हावा. ते वाक्य असे : ‘ट्रेनिंगचं काय घेऊन बसलात, कोणाच्या तरी लेटरहेडवर दाखला आणला की झालं!’ विद्यार्थी असे म्हणतात, ते त्यांच्या वयाला धरूनच आहे. पालक म्हणतात, कारण त्यांच्या एखाद्या साडूचे किंवा व्याह्याचे भोसरीला वर्कशॉप असते. परंतु मार्गदर्शक म्हणून ज्यांची सही लागते त्या अध्यापकांपैकीही काहीजण हेच वाक्य किंचित सभ्य भाषेत बोलतात, तेव्हा मात्र हा गैरसमज एकदा मुळापासून तपासावा असे वाटू लागते.

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू, कारण दाखल्याचा कैवार घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो वाचलेला असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीए अभ्यासक्रमाचा २०१९ चा आकृतिबंध घेतला, तर त्यात दुसऱ्या सत्राच्या अखेरीस किमान आठ आठवड्यांचा उन्हाळी प्रकल्प सांगितला आहे. तो सुरू करण्यापूर्वी मार्गदर्शकाची आणि संस्थेच्या संचालकांची लेखी अनुमती हवी, काम चालू असताना प्रगतीची रोजनिशी ठेवली पाहिजे, नंतर अहवाल आणि त्यानंतर तोंडी परीक्षा. म्हणजे या साऱ्या प्रकरणाच्या दप्तरात कंपनीचा दाखला हा अनेक कागदांपैकी एक कागद आहे, आणि तोही काम झाल्याची साक्ष म्हणून जोडावयाचा. साक्षच काम होय, असे मानण्याला त्या नियमात तिळमात्र आधार नाही.

पण नियमाचा आधार दाखवून हा वाद मिटत नाही हे मला ठाऊक आहे. दाखलावाद्याचे खरे म्हणणे निराळेच असते. तो म्हणतो की, हा विषय मुळात आकड्यांचा आहे. साठ्याची सूत्रे, वेळापत्रके, रांगांचे गणित हे सर्व पुस्तकात आहे, कंपनीची आकडेवारी मेलवर मागविता येते, मग यंत्रांच्या गोंगाटात आठ आठवडे उभे राहून मिळवायचे ते काय? तिथे उभे राहणे हे डिप्लोमावाल्यांचे काम. आम्ही उद्याचे व्यवस्थापक आहोत. ही समजूत त्या शास्त्राच्या इतिहासाशीच विसंगत आहे. या शास्त्राचा आद्य प्रणेता फ्रेडरिक टेलर हा फिलाडेल्फियातल्या सधन घराण्यातला मुलगा, हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला. परंतु १८७४ साली तो एका पंप बनविणाऱ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाला, आणि १८७८ मध्ये मिडव्हेल पोलाद कारखान्यात गेला तोही खालच्या पायरीवरूनच. फ्रँक गिलब्रेथने १८८५ च्या सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे पाठ फिरवून गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली, आणि तेथे त्याच्या ध्यानात आले की, एकच गवंडी वीट लावण्याचे काम तीन तऱ्हांनी करतो : सावकाश काम चालले असता एका तऱ्हेने, घाईत दुसऱ्या, आणि नवख्याला शिकविताना तिसऱ्या. यांपैकी शिकविण्याची तऱ्हा तेवढी पुस्तकात येते. वीट उचलण्यापासून बसविण्यापर्यंतच्या अठरा हालचाली पुढे त्याने पाचांवर आणल्या, त्याचे मूळ या निरीक्षणात आहे. (टेलरने कामगारांविषयी वापरलेली भाषा आज कोणी सहन करणार नाही, आणि ते योग्यच आहे, पण घामाच्या जागी न जाता त्याने शास्त्र रचले, असा आरोप त्याच्या शत्रूलाही करता येत नाही.)

याहून बोलके उदाहरण जपानातले आहे. १९५० साली शिगेओ शिंगो हा सल्लागार हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आपण आज ज्याला माझ्दा म्हणतो तेथे, गेला असता त्याच्यापुढे तक्रार मांडण्यात आली ती अशी की, मोठे प्रेस पुरे पडत नाहीत, सबब उत्पादन तुंबते. कागदावर हे निर्विवाद होते. यंत्रे दिवसभर गुंतलेली होती. शिंगोने कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष पाहणी करण्याची परवानगी मागितली आणि ८०० टनी प्रेसचा साचा बदलला जात असताना तो शेजारी उभा राहिला. जुना साचा उतरला, आणि कामगार एकाएकी धावत कोठेतरी निघून गेला. तासाहून अधिक वेळ तो परतला नाही. साचा बसविण्याचा एक बोल्ट सापडत नव्हता. अखेरीस दुसऱ्या साच्याचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्याला आटे पाडून त्याने काम निभावले. त्या अवधीत प्रेस अर्थातच थंड होता, पण हिशेबाच्या वहीत तो वेळ ‘साचा बदलणे’ या भारदस्त सदराखाली जमा होत असे. जी तयारी यंत्र चालू असतानाच करून ठेवता येते आणि जी केवळ यंत्र थांबवूनच करता येते, या दोहोंत भेद करण्याची शिंगोची कल्पना येथे जन्मली. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा साचा बदलण्याला लागणारे चार तास त्याने प्रथम दीड तासावर आणि नंतर अवघ्या तीन मिनिटांवर आणले, ते याच भेदाच्या जोरावर. आता मला दाखलावाद्याने एवढेच सांगावे की, तो हरवलेला बोल्ट मेलवर मागविलेल्या कोणत्या तक्त्यात दिसला असता?

शेतात पाऊल न टाकता चावडीत बसून पिकाची आणेवारी ठरविणाऱ्या तलाठ्याला आपण सारे नावे ठेवतो. पण यंत्र न पाहता यंत्राची कार्यक्षमता काढणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र गुण देतो. ही कार्यक्षमता काढण्याची एक रूढ रीत आहे, आणि दाखल्याच्या जोरावर लिहिलेला अहवाल ओळखू येतो तोही तेथेच. यंत्राची उपलब्धता, वेग आणि मालाची गुणवत्ता या तिहींचा गुणाकार म्हणजे ‘ओईई’. जपानी देखभालतज्ज्ञ सेइची नाकाजिमाने आदर्श म्हणून अनुक्रमे ९०, ९५ आणि ९९ टक्के हे आकडे सुचविले, आणि त्यांचा गुणाकार ८५ टक्क्यांच्या जवळ येतो. काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा जो अहवाल महाविद्यालयाच्या दाराशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो, त्यात चाकणच्या कोणा लघुउद्योजकाच्या वीस वर्षे जुन्या लेथची उपलब्धता नेमकी ९०, वेग नेमका ९५ आणि गुणवत्ता नेमकी ९९ निघते. अशा लेखकाला तोंडी परीक्षेत सूत्र विचारू नये, ते त्याला पाठ असते. पाळी किती वाजता बदलते, जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद ठेवतात की बदली माणूस उभा करतात, नाकारलेला माल कोणत्या रंगाच्या ट्रेमध्ये टाकतात, फोरमन हजेरी कोठे मांडतो, असे मामुली प्रश्न विचारावेत. मग सभागृहात जी शांतता पसरते, ती दाखल्यावरच्या शिक्क्याने भंग पावत नाही.

साखर कारखान्याचे अहवाल तर याहून मनोरंजक असतात. आपल्याकडचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास, ऊस संपेल तसा, आटोपतो. विद्यार्थ्याचे उन्हाळी आठवडे येतात ते हंगाम संपल्यानंतर. त्या काळात गव्हाण ओस पडलेली असते, मिलचे रोलर काढून दुरुस्तीला लावलेले असतात, बॉयलरच्या नळ्या साफ होत असतात. असे असता जून महिन्यात आपण प्रतिदिन हजारो टनांचे गाळप ‘स्वतः निरीक्षिले’, असे नमूद करणारा अहवाल जेव्हा पुढे येतो, तेव्हा परीक्षकाने हसावे की रडावे? बरे, खरोखरच जून महिन्यात कारखान्यावर गेलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान होते म्हणावे, तर तसेही नाही. पुढच्या हंगामात गाळप थांबू नये म्हणून कोणता भाग आधी उघडायचा, कोणता सुटा भाग किती आधी मागवायचा, कायम आणि हंगामी कामगारांची वाटणी कशी करायची, हे देखभालीचे नियोजन पाहण्याची संधी हंगामात मिळत नाही ती याच दिवसांत मिळते. पण त्यासाठी तेथे असावे लागते.

उभे राहून पाहणे म्हणजे दाराआडून पाहणे, असाही अर्थ काही उत्साही विद्यार्थी करतात आणि खिशात स्टॉपवॉच लपवून कामगाराचा वेळ मोजतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले कार्य-अभ्यासावरील पुस्तक या विषयाचे प्रमाणभूत साधन समजले जाते, आणि कामगाराच्या नकळत वेळ कदापि मोजू नये अशी त्याची स्पष्ट ताकीद आहे. तात्पर्य, कामगाराला सांगून, त्याच्याशी बोलून मोजणी करावी, ही नीती या विषयाच्या शिस्तीचाच भाग आहे. शिवाय आपले काम कोठे अडते हे कामगाराला बहुधा आधीच ठाऊक असते. त्याला कोणी विचारलेले नसते एवढेच.

आता किरकोळ गैरसमज. ऑपरेशन्स म्हणजे कारखानाच, हे खरे नाही : रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग, एसटीच्या आगारातले गाड्यांचे वेळापत्रक, बाजार समितीतली कांद्याची आवक-जावक हे सर्व याच विषयाचे क्षेत्र आहे, आणि वर सांगितलेला पुणे विद्यापीठाचा नियम सहकारी व स्वयंसेवी संस्थांनाही मान्यता देतो. कंपनी जितकी मोठी तितके शिक्षण अधिक, हेही नाही. मोठ्या कंपनीत उमेदवाराला पुष्कळदा एकाच विभागाच्या एकाच तक्त्यावर बसवितात, आणि छोट्या ठिकाणी खरेदीपासून रवानगीपर्यंतचा सगळा व्यवहार एका खोलीतून दिसतो. कंपनी आकडे देत नाही म्हणून ते कल्पनेने लिहावे लागतात, ही सबब लंगडी आहे. मूळ आकड्यांना एकाच गुणकाने गुणून, आणि तसे केल्याचे अहवालात सांगून, गोपनीयता व सत्य दोन्ही राखता येतात. ऑनलाइन मिळविलेला ‘सिक्स सिग्मा’ या गुणवत्ता-पद्धतीचा पट्टा, मग तो हिरवा असो वा काळा, आठ आठवड्यांच्या बदली चालत नाही. आणि मुंबईच्या डबेवाल्यांना फोर्ब्स नियतकालिकाने सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र दिले, हे प्रत्येक तिसऱ्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत आढळणारे वाक्य तर कृपा करून आता थांबवावे : फोर्ब्सने १९९८ मध्ये त्यांच्यावर लेख छापला, आणि नियतकालिके लेख छापतात, प्रमाणपत्रे देत नाहीत. डबेवाल्यांच्या कर्तृत्वाला त्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

शेवटचा गैरसमज किरकोळ नाही, कारण त्यात इजा होण्याचा प्रश्न आहे : इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे सर्रास मानले जाते. शिकाऊ उमेदवार हा १९६१ च्या अधिनियमाचा विषय आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. त्याचा मालकाशी लेखी करार होतो व तो नोंदविला जातो. त्याला विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधरासाठी ते दरमहा किमान ९००० रुपये ठरविले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले तेही त्याच वर्षी. हा अधिनियम उमेदवाराला कामगार मानीत नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असेही मालकावर लादीत नाही. परंतु आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीचे कायद्याचे संरक्षण त्याला देतो, शिकाऊ उमेदवारी सल्लागार या अधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेण्यास मनाई करतो, आणि कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी नुसते पत्र घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती असा कोणताही करार नसतो. तेव्हा प्रेसच्या किंवा क्रेनच्या आसपास वावरण्यापूर्वी, सुरक्षा-बूट व शिरस्त्राण कोण देणार, अपघात-विमा महाविद्यालयाचा की कंपनीचा, आणि रात्रपाळीला थांबण्याचा हुकूम कोणाच्या अधिकारात, या तीन बाबी त्याने रुजू होण्याच्या पत्रातच लिहून घ्याव्यात. आणि कंपनीने त्यास नकार दिला, तर संचालकांची लेखी अनुमती मागण्यापूर्वीच दुसरी जागा शोधावी.