अर्ध्या कोटीत तुटलेलं त्रिकूट

ओक्लाहोमा सिटी म्हणजे काही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नव्हे. 2008 मध्ये सिॲटलचा बास्केटबॉल संघ उचलून या मध्यम आकाराच्या शहरात आणला गेला, त्याचं नाव ‘थंडर’ ठेवलं गेलं, आणि त्याच सुमारास एक अजबच योग जुळून आला. लागोपाठच्या तीन वर्षांत या संघानं तीन पोरं निवडली. 2007 मध्ये केविन ड्युरंट, 2008 मध्ये रसेल वेस्टब्रुक, 2009 मध्ये जेम्स हार्डन. तिघंही अस्सल निघाले. अस्सल म्हणजे किती? पुढे तिघांनीही एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. ड्युरंटनं 2014 मध्ये, वेस्टब्रुकनं 2017 मध्ये, हार्डननं 2018 मध्ये.

2012 च्या जूनमध्ये हे त्रिकूट एनबीएची अंतिम फेरी खेळलं आणि मायामीकडून 4-1 असं हरलं. ऑगस्टमध्ये तिघंही लंडन ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या संघात होते. गळ्यात सुवर्णपदकं घालून परतले. सगळ्यात मोठा 24 वर्षांचाही झाला नव्हता! पुढची दहा वर्षं लीगमध्ये यांचंच राज्य, असं कुणाला वाटलं नसेल?

27 ऑक्टोबर 2012 ला थंडरनं हार्डनला ह्यूस्टन रॉकेट्सकडे धाडून दिलं.

कारण ऐकाल तर हसाल. संघ हार्डनला चार वर्षांचे मिळून साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास द्यायला तयार होता. हार्डनला नियमात बसणारी कमाल रक्कम हवी होती, ती होती सहा कोटींच्या आसपास. फरक साधारण अर्ध्या कोटीचा, तोही चार वर्षांत विभागलेला. कोट्यवधींच्या या धंद्यात ही रक्कम म्हणजे चिल्लर. मग एवढ्यासाठी घडी का मोडली?

आता खरी गंमत सुरू होते.

मुळात पारडं कुणाचं जड होतं ते बघू. एनबीएत नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमानं पोरं निवडतात, आणि निवडलेल्या पोरानं कुठं खेळायचं हे पोरगा ठरवत नाही. कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावरून पहिल्या करारातला पगार ठरतो, घासाघीस जवळपास नाहीच. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला हार्डन चौथ्या वर्षी सुमारे 58 लाख डॉलर कमावत होता. चौथं वर्ष सुरू होण्याआधी, त्या वेळच्या नियमानुसार 31 ऑक्टोबरपर्यंत, संघ आणि खेळाडू करार वाढवू शकत. ती तारीख हुकली की पुढच्या उन्हाळ्यात खेळाडू बाजारात मोकळा, पण अर्धवटच मोकळा. आयपीएलच्या लिलावातलं ‘राइट टू मॅच’ कार्ड तुम्हाला ठाऊक असेल: दुसऱ्यानं लावलेली बोली जुन्या संघानं मान्य केली की खेळाडू परत त्याच्याच पदरात. इथंही तेच. हार्डनपुढे कुणी कितीही मोठा करार ठेवो, थंडरनं ‘आम्ही एवढेच देतो’ म्हटलं की विषय संपला.

म्हणजे थंडरचे सर्वेसर्वा सॅम प्रेस्टी यांच्या हाती हुकमाचं पान होतं. एक पूर्ण हंगाम हार्डनला स्वस्तात खेळवायचं, पुढच्या उन्हाळ्यात येईल त्या बोलीला ‘हो’ म्हणायचं. घाई कसली होती?

घाई होती ती एका कराची.

2011 मध्ये एनबीएचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात असं बिनसलं की मालकांनी लीगला टाळंच ठोकलं. हंगाम 82 सामन्यांवरून 66 वर आला. त्या भांडणातून जो नवा सामूहिक करार निघाला, त्यात लक्झरी टॅक्सची कलमं पार बदलली. आधी हिशेब सरळ होता. संघाचा एकूण पगार ठरलेल्या रेषेच्या वर जितके डॉलर जाईल, तितकेच डॉलर दंड. 2013-14 पासून मात्र दंडाला पायऱ्या आल्या. रेषेवरच्या पहिल्या 50 लाखांवर प्रत्येक डॉलरला दीड डॉलर. पुढच्या 50 लाखांवर पावणेदोन. त्यापुढच्या 50 लाखांवर अडीच. आणि अशीच चढण.

जरा कागद घ्या. समजा संघ अगदी रेषेवर उभा आहे आणि त्याला वर्षाला दीड कोटी डॉलरचा आणखी एक खेळाडू ठेवायचाय. पहिल्या पायरीचा कर 75 लाख. दुसरीचा 87 लाख 50 हजार. तिसरीचा 1 कोटी 25 लाख. बेरीज 2 कोटी 87 लाख 50 हजार, आणि हा नुसता कर! पगार वेगळा. दीड कोटीचा माणूस मालकाला 4 कोटी 37 लाख 50 हजारांना पडला. पाच वर्षांत चारदा रेषा ओलांडली तर आणखी वाईट, कारण मग प्रत्येक डॉलरला वर एक डॉलर जास्त. तोच खेळाडू मग 5 कोटी 87 लाख 50 हजारांना! एका माणसाचा पगार, आणि खर्च जवळपास चौपट.

थंडरच्या वहीत आधीच काय होतं? ड्युरंट आणि वेस्टब्रुक, दोघांचे प्रत्येकी पाच वर्षांचे आणि आठ कोटींच्या आसपासचे वा त्याहून जास्तीचे करार. शिवाय त्याच ऑगस्टमध्ये काँगोच्या ब्राझाव्हिलमध्ये जन्मलेल्या सर्ज इबाकाला चार वर्षांसाठी 4.8 कोटींच्या आसपास. हार्डनला पूर्ण रक्कम दिली असती तर त्याचा डॉलर सरळ त्या पायऱ्यांवर चढला असता. टेबलावर अर्धा कोटी दिसत होता. मालकांच्या डोळ्यांपुढे मात्र कितीतरी मोठा आकडा नाचत असणार.

पण थांबा. हार्डनच्या बाजूनं पाहिलं तरी फरक अर्ध्या कोटीचा नव्हताच. नव्या करारात एक बारीक कलम होतं. पहिल्या करारानंतर थेट पाच वर्षांची वाढ संघाला आपल्या एकाच खेळाडूला देता येई, बाकीच्यांना चार. थंडरनं ते पाच वर्षांचं ताट वेस्टब्रुकला जानेवारी 2012 मध्येच वाढून टाकलं होतं. ड्युरंटचा करार जुन्या नियमांतला, तो या मोजणीत नाही. म्हणजे थंडरनं कितीही मन मोठं केलं असतं, तरी या वाढीत हार्डनला पाचवं वर्ष देणं त्यांच्या हातातच नव्हतं. आणि ह्यूस्टनचं ताट कोरं होतं.

आता तारखेकडे बघा. 31 ऑक्टोबरच्या आत हार्डन ह्यूस्टनला पोचला, तर ह्यूस्टन त्याच्याशी लगेच पाच वर्षांचा करार करू शकतं. तारीख उलटल्यावर पोचला, तर त्याच्यासोबत पुढच्या उन्हाळ्याची सगळी अनिश्चितता येते. माणूस तोच, डावा हात तोच, ती प्रसिद्ध दाढीही तीच. पण 27 तारखेचा हार्डन 1 नोव्हेंबरच्या हार्डनपेक्षा महाग! बाजारात खेळाडूबरोबर कॅलेंडरसुद्धा विकलं जातं, हे मला या सगळ्यात सर्वांत भन्नाट वाटतं.

ह्यूस्टनचे तेव्हाचे सर्वेसर्वा डॅरिल मोरी हे या कलमांमधल्या फटी शोधण्यात पटाईत. त्याच उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्क निक्सच्या जेरेमी लिनला कसं पळवलं पाहा. लिनसुद्धा अर्धवट मोकळा होता. निक्सनं बोली मान्य केली असती तर तो तिथंच राहिला असता. मोरींनी करार आखला तीन वर्षांचा, एकूण अडीच कोटींचा. पहिली दोन वर्षं 50 लाखांच्या आसपास, आणि तिसऱ्या वर्षी एकदम दीड कोटीच्या घरात. ते तिसरं वर्ष नेमकं कोणतं? 2014-15. दंडाच्या नव्या पायऱ्या तोवर सुरू झालेल्या! कर भरण्याची सवय असलेल्या निक्सनंही हात वर केले. शिकागोच्या ओमेर आशिकलाही याच साच्याच्या करारानं गळाला लावलं. हुकमाचं पान आहे, पण खेळायचीच सोय नाही, अशी गत.

हार्डनच्या सौद्यात थंडरला काय मिळालं? केविन मार्टिन हा मुरलेला नेमबाज, नवखा जेरेमी लॅम्ब, पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क आणि दुसऱ्या फेरीचा एक. शिवाय थंडरला आपले कोल ऑल्ड्रिच, डेक्वान कुक आणि लझार हेवर्ड हे तिघं सोबत पाठवावे लागले. हे कशाला? पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत जाणाऱ्या आणि येणाऱ्या पगारांचा मेळ बऱ्यापैकी घालावा लागतो. हार्डन 58 लाखांचा, मार्टिन 1 कोटी 20 लाखांच्या वरचा. मधलं अंतर भरायला तीन माणसं. माणसं इथं सुट्या पैशांसारखी मोजली जातात, हे वाचून थोडं चरचरतंच.

आणि त्या ड्राफ्ट हक्कांतला एक मूळचा टोरांटोचा. तो मोरींनी जुलैमध्ये काइल लाउरीला टोरांटोला देऊन मिळवलेला. त्याच लाउरीनं टोरांटोला 2019 चं विजेतेपद मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला, आणि त्याच हक्कातून थंडरनं 2013 मध्ये न्यूझीलंडचा धिप्पाड स्टीव्हन ॲडम्स निवडला. कुठला धागा कुठं!

हार्डनची खरी किंमत तोवर कुणाला माहीत होती, हाही प्रश्नच होता. थंडरकडे तो सामन्याच्या सुरुवातीला बाकावर बसायचा आणि नंतर मैदानात उतरायचा. 2012 चा सर्वोत्तम राखीव खेळाडू तोच. राखीव खेळाडूला कमाल पगार? शंका घ्यायला जागा होती. ती किती दिवस टिकली म्हणता? 31 ऑक्टोबरला त्यानं ह्यूस्टनशी पाच वर्षांचा, आठ कोटींच्या आसपासचा करार केला आणि त्याच रात्री डेट्रॉइटमध्ये पहिल्यापासून मैदानात उतरला. 37 गुण, 12 असिस्ट. दोन दिवसांनी अटलांटात 45 गुण. बाकावरचा पोरगा आठवड्याभरात लीगचा तारा!

थंडरनं मात्र 2012-13 मध्ये 60 सामने जिंकले, म्हणजे कोसळले वगैरे काही नाहीत. बाद फेरीत पहिलीच गाठ पडली ती ह्यूस्टनशी, आणि दुसऱ्या सामन्यात पॅट्रिक बेव्हर्लीशी झालेल्या धडकेत वेस्टब्रुकचा गुडघा गेला. ती मालिका थंडरनं जिंकली. पुढच्या फेरीत मेम्फिससमोर ड्युरंट एकटा पडला आणि खेळ आटोपला. मार्टिन त्याच उन्हाळ्यात संघ सोडून गेला. म्हणून मला वाटतं, प्रेस्टींचा हिशेब बरोबर होता आणि वेळ चुकली. एक वर्ष थांबले असते तर वेस्टब्रुक जायबंदी झाल्यावर हार्डन तरी शिल्लक होता, आणि कराच्या त्या चढत्या पायऱ्या 2012-13 मध्ये लागूच झालेल्या नव्हत्या. बदल्यात जे पदरात पडलं त्यातलं थोडंफार कमी झालं असतं, एवढंच.

गोष्ट इथं संपायला हवी, पण संपत नाही. हार्डनच्या आधी ज्याला पैसे दिले त्या इबाकाचं काय झालं? 2016 च्या ड्राफ्टच्या रात्री थंडरनं त्याला ऑर्लँडोला दिलं आणि व्हिक्टर ओलाडिपो व डोमांटास सबोनिस मिळवले. वर्षभरानं ते दोघं इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज आणला. दरम्यान ड्युरंट निघून गेला होता. 2019 मध्ये पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला. बदल्यात ड्राफ्ट हक्कांची चळत आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा 20 वर्षांचा कॅनेडियन पोरगा. त्याच वर्षी वेस्टब्रुक गेला, आणि कुठं? ह्यूस्टनला, हार्डनच्याच शेजारी! क्लिपर्सकडून आलेल्या हक्कांपैकी एकातून 2022 मध्ये जेलन विल्यम्स निवडला गेला. 2025 च्या जूनमध्ये याच दोघांच्या बळावर थंडरनं अंतिम फेरीत इंडियानाला सातव्या सामन्यात हरवलं आणि ओक्लाहोमा सिटीत पहिल्यांदा एनबीएचा चषक आला. गिल्जस-अलेक्झांडर त्या हंगामाचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू. हार्डनला तोवर एकदाही विजेतेपद मिळालेलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, जुलै 2025 मध्ये, प्रेस्टींसमोर पुन्हा तीन तरुण पोरं होती: गिल्जस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन. पाच वर्षांचा करार एकालाच, ही जुनी अट आता राहिलेली नव्हती. कराच्या जोडीला मात्र आणखी कडक बंधनं आलेली. पगार फारच फुगला तर अदलाबदल करण्याचीच मुभा आक्रसते. प्रेस्टींनी तिघांशीही करार केले. सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर मिळून 80 कोटी डॉलरच्या वर. यातले दोन करार 2026-27 पासून लागू होतात आणि तिसरा 2027-28 पासून. म्हणजे पायऱ्यांवर तिघं एकदम चढतील ते तेव्हाच.