घरचे अंदाजपत्रक आणि निरगुडसरची चूल

सरकारचे अंदाजपत्रक दरसाल प्रसिद्ध होते, त्यावर सभागृहात दिवसचे दिवस वाद होतात, आणि पत्रकर्ते त्याच्या गुणदोषांवर रकानेच्या रकाने खर्ची घालतात. परंतु ज्या अंदाजपत्रकावर कुटुंबाचे आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि वेळप्रसंगी घराची अब्रूही अवलंबून असते, ते महिन्याच्या किराणामालाचे अंदाजपत्रक बहुतेक घरांत कागदावर उतरतच नाही. दुकानदाराच्या खातेवहीत मात्र ते उतरते, आणि तेही महिना संपून गेल्यावर! विषय क्षुल्लक आहे, स्वयंपाकघराचा आहे, वर्तमानपत्राच्या अग्रस्थानी तो कशास, असे ज्यांस वाटेल त्यांनी पुढील आकडे आधी वाचावेत व मग आपले मत द्यावे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात कौटुंबिक खर्चाची देशभर पाहणी केली. तीत ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च सरासरीने ३,७७३ रुपये भरला. पाच माणसांचे घर धरले तर ही रक्कम १८,८६५ रुपये होते. यापैकी शेकडा ४६ रुपयांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ८,७५० रुपये, अन्नावर जातात. यात आश्चर्य नाही. पोट प्रत्येकास आहे. आश्चर्य आहे ते पुढील वाटणीत. सरकारकडून फुकट मिळालेल्या धान्याची किंमत न धरता, विकतच्या धान्यावर शेकडा पाचांहूनही कमी, म्हणजे पाच माणसांच्या घरात सुमारे ९२५ रुपये खर्च होतात. आणि चहापाणी, फरसाण, बिस्किटे, बाहेरचे तयार पदार्थ या सदराखाली शेकडा साडेनऊंहून अधिक, म्हणजे सुमारे १,८१५ रुपये! इ. स. १९९९-२००० मध्ये धान्याचा हिस्सा शेकडा २२ च्या आसपास होता. धान्याचा भार हलका झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण हलक्या झालेल्या खिशात फरसाणाच्या पुडीने येऊन बसावे, ही चांगली गोष्ट खास नाही.

हे आकडे सबंध देशाचे आहेत. ते आपल्या मुलखास कसे लागू पडतात हे पाहण्याकरिता आम्ही आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारखे गाव डोळ्यांपुढे घेतो. घोड नदीच्या खोऱ्यातील हा टापू. डिंभे धरणाचे पाणी आले, पारगावास भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मंचरच्या बाजार समितीत कांदा, बटाटा आणि तरकारी यांची उलाढाल वाढली. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. याबद्दल कोणी खेद मानण्याचे कारण नाही. परंतु जेथे एके काळी बाजरी, मटकी, हुलगा, तूर ही पिके घरच्या कणगीत येत, तेथे उसाचा फड उभा राहिला, की बाजरी आणि डाळ दुकानातून आणावी लागते. पूर्वी कणगी रिकामी होऊ लागली म्हणजे घरधनिणीस आपोआप इशारा मिळे. आता कणगीची जागा खातेवहीने घेतली आहे, आणि खातेवही कितीही भरली तरी आवाज करीत नाही. पीक रोखीचे झाले, पण घरखर्चाची शिस्त रोखीची झाली नाही, हे आजच्या अडचणीचे खरे मूळ होय.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की पाच माणसांस महिन्यास लागते तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाच्या ताटाचे जे प्रमाण दिले आहे, त्यात माणशी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा त्यांऐवजी अंडी, मांस, मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. मुले, वृद्ध आणि कष्टकरी यांच्या गरजा भिन्न असतात. तथापि मोजमापास हा गज पुरेसा आहे. तीस दिवसांचा हिशेब केला तर धान्य साडेसदतीस किलो, शाकाहारी घरात डाळी-कडधान्ये पावणेतेरा किलो आणि तेल-तूप मिळून सुमारे चार किलो होते. आता वाचकांनी आपापल्या घरची यादी काढून या प्रमाणाशी ताडून पाहावी. बहुतेक ठिकाणी डाळ निम्मीही भरणार नाही आणि तेल मात्र ओसंडून वाहील, असा आमचा तर्क आहे. पंधरा किलोचा तेलाचा डबा या हिशेबाने पाच माणसांस साडेतीन महिने पुरला पाहिजे. तो दीड महिन्यात खडखडत असेल, तर पैसा कोठे गळतो हे शोधण्यास ज्योतिषी नको. शिवाय आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते. म्हणजे कढईत जरुरीपेक्षा जास्त ओतलेली पळी ही राष्ट्राच्या तिजोरीतूनही ओतली जाते.

धान्याच्या बाबतीत कायद्याने बराच आधार दिलेला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो व अंत्योदय कुटुंबास घरटी पस्तीस किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षे वाढविली आहे. पाच माणसांच्या प्राधान्य घरास यातून पंचवीस किलो मिळतात. उरलेले साडेबारा किलो तेवढे विकत घ्यावयाचे. हे साडेबारा किलो बाजरी व ज्वारीचे असावेत, असे आम्ही सुचवितो, कारण शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतात आणि भाकरीची चव व सत्त्व त्यांत नाही. बाजरीचे पीठ मात्र आठ-दहा दिवसांहून अधिक ठेवू नये, ते कडवट होते. धान्य महिन्याचे आणावे, दळण आठवड्याचे करावे.

काटकसरीचा खरा कस डाळीत आणि कडधान्यांत लागतो. येथे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बायकांस परक्याकडून शिकण्याची जरूर नाही. हुलग्याच्या पिठाचे लसूण-मिरची घालून उकळत्या पाण्यात शिजविलेले शेंगोळे हे एकाच भांड्यात होणारे, थोड्या तेलाचे आणि पोटभरीचे अन्न आहे. एक वाटी मटकी भिजवून मोड आणली की दोन-अडीच वाट्या होते आणि तीत पाच माणसांची उसळ भागते. मासवडी ही या मुलखाची शोभा खरी. पण तिच्यातील खोबरे-तीळ पाहता ती सणाची, रोजच्या ताटास हरभऱ्याच्या पिठाचे पिठले पुरे. कडधान्य रात्री भिजत घातले तर सकाळी निम्म्या वेळात शिजते, आणि डाळ व भात एकाच कुकरात लावले तर गॅसचे सिलिंडर चार दिवस अधिक चालते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, कोथिंबिरीचे देठ, परसातला शेवगा, हे सारे उकिरड्यावर टाकून दुसऱ्या दिवशी पालेभाजी विकत आणणे यास आम्ही श्रीमंती म्हणत नाही, बेफिकिरी म्हणतो. उरल्या भाकरीचा फोडणी देऊन कुस्करा, उरल्या वरणाची कणीक भिजवून थालीपीठ, आंबट ताकाची कढी, या युक्त्या आपल्या आज्यांस ठाऊक होत्या. नातींस त्या कमीपणाच्या का वाटाव्यात?

ऋतुमान ओळखणे हाही काटकसरीचाच भाग. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा, एप्रिल-मे महिन्यांत, वाळवून बराखीत ठेवला तर पावसाळ्यानंतरपर्यंत टिकतो. शेतकरी तो विकण्याकरिता साठवितो, त्याच वेळी घरापुरती गोणी बाजूस ठेवली पाहिजे. २०१९ च्या अखेरीस कांद्याने किरकोळ बाजारात किलोस शंभरी ओलांडली होती, तेव्हा अशा गोणीची किंमत ज्यांस कळली त्यांस कळली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनेही तीच पायरी गाठली. नारायणगावच्या बाजारात उत्पादकास चार पैसे मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या महिन्यात चिंच, आमसूल किंवा ताक वापरून आमटी करणाऱ्या गृहिणीचे काही अडले नाही, हेही तितकेच खरे.

आता व्यापारी बंधूंस दोन शब्द. उधारीची वही ही गोरगरिबांस आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण उधारीच्या गिऱ्हाईकास भाव करता येत नाही, दुकान बदलता येत नाही आणि मालाची निवडही करता येत नाही. म्हणजे व्याजाचा शब्द न उच्चारता तो व्याज देतच असतो. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचेही तसेच आहे. चहा, मसाला, बिस्किटे यांच्या लहान पुड्या हातास स्वस्त वाटतात. मण-शेराच्या हिशेबाने त्या बहुधा महागच पडतात. वेष्टनावर कमाल विक्री किमतीबरोबर वजनाच्या एककाची किंमतही छापावी, असा नियम आता झाला आहे. गिऱ्हाईकाने ती ओळ वाचावी, आणि प्रामाणिक दुकानदाराने ती स्वतः दाखवावी. त्याने त्याची पत वाढेल, घटणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. कोणी म्हणेल, महागाई वाढली, मजुरी वाढत नाही, आणि तुम्ही गरिबास पिठले खाण्याचा उपदेश करता! आमचे उत्तर असे, की काटकसर ही न्याय्य मजुरीची वा रास्त भावाची जागा घेऊ शकत नाही. १९७२ च्या सुमारास मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी बायांनी हाती लाटणी घेऊन मोर्चे काढले, ते योग्यच केले. ज्या लाटण्याने घरात पोळी जपून लाटली, तेच लाटणे रस्त्यावर हक्क मागण्यास उचलले गेले. या दोहोंत विरोध नाही. ज्यास आपला खर्च पैपैने सांगता येतो, त्याचीच मागणी सरकारदरबारी वजनदार ठरते.

परंतु याहूनही मोठा दोष आमच्या घरांतच आहे. काटकसर म्हटली की ती बाईने करावयाची, आणि तीही आपल्या ताटातून, असा अलिखित दंडक पडला आहे. पुरुषाची तंबाखू, हॉटेलातील चहा आणि मिसळ घरखर्चात धरली जात नाही. दूध मात्र प्रथम बाईचे बंद होते. सर्वांचे जेवण झाल्यावर उरले तर ती जेवणार! याचा परिणाम २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उघड दिसतो: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आहे. ही काटकसर नव्हे, हा अन्याय होय. आणि औषधोपचाराचा खर्च पाहता हा तोट्याचाही व्यवहार होय. अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीस, ती अठरा वर्षांखालील नसल्यास, कुटुंबप्रमुख मानले आहे. कायद्याने जिला प्रमुख केले, तिच्या हाती महिन्याच्या आरंभी खर्चाची रक्कमही न द्यावी, ही कायद्याची थट्टा नव्हे तर काय?

सबब आमची सूचना साधी आहे. पहिल्या तारखेस नवराबायकोने एकत्र बसून किराणामालाची रक्कम ठरवावी व ती निराळी ठेवावी. पुरुषाचा बाहेरचा चहा-फराळ त्याच यादीत मांडावा. यादीत आधी डाळ, भाजी, दूध लिहावे, मग तेल-साखर, आणि उरल्यास फरसाण. गावातील बचत गटांनी डाळ व तेल एकदम आणून वाटून घ्यावे. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी हिशेबाची वही लिहावी. गणिताचा याहून चांगला धडा नाही. वर सांगितलेल्या १,८१५ रुपयांपैकी तिसरा हिस्सा जरी वाचला, तरी महिन्यास सहाशे आणि वर्षास सात हजारांहून अधिक रुपये होतात. ते पेटीत घालू नयेत, असे आम्ही मुद्दाम सांगतो; प्रथम ते डाळीत, शेंगदाण्यात आणि दुधात घालावेत, आणि ते दूध घरच्या बाईच्या पेल्यातही पोचते की नाही ते पाहावे.

कृपण माणूस पोट मारून पैसा राखतो. काटकसरी माणूस पैसा राखून पोट भरतो. हा भेद ज्या घरास उमगला, त्याची चूल निरगुडसरात असो की पुण्यात, महिनाअखेर तिला कोणापुढे पदर पसरावा लागणार नाही.