माथेरानचा शार्लट तलाव : सोपी वाट, मोलाचे पाणी

माथेरानच्या वाटेवर पाऊल ठेवताच गोमंतकीय पर्यटकाला ओळखीची खूण पटते ती पायाखालच्या तांबड्या मातीची. ज्या जांभ्या दगडाचे चिरे गोव्यातील घरांच्या भिंतींत दिसतात, त्याच दगडाचा थर सह्याद्रीच्या या सुमारे आठशे मीटर उंच डोंगरमाथ्यावर पसरलेला आहे. त्याच माथ्यावर, गर्द झाडीच्या कुशीत शार्लट तलाव आहे. बाजारपेठेतून निघून तलावाला वळसा घालून परत येणारी वाट लहान मुलांना आणि ज्येष्ठांनाही झेपण्याजोगी आहे. मात्र हा तलाव केवळ पाहण्याचे स्थळ नाही. माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा तो जुना आणि महत्त्वाचा स्रोत आहे. फेरीला निघण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले, तर वाटेवरील अनेक गोष्टींचा अर्थ उलगडत जातो.

फेरी कशी करावी?

1850 मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण हेरले आणि पुढे येथे थंड हवेचे गाव वसले. पर्यटकांच्या मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढचा प्रवास पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या छोट्या गाडीने करता येतो. बाजारपेठेतून नैर्ऋत्येकडे जाणारा झाडीतला रस्ता तलावाकडे उतरतो. काठावर माथेरानचे ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. गावकरी या शिवस्थानाला स्वयंभू मानतात. येथे घटकाभर विसावून तलावाच्या काठाने पुढे जावे. पश्चिमेस डोंगराचा कडा जवळच आहे. एको पॉइंट आणि पुढे लुईझा पॉइंट करून पुन्हा बाजारपेठ गाठता येते. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाचे पठार दिसते. रमतगमत चालले, तर फेरीला दोन-तीन तास लागतात. सकाळी लवकर निघाल्यास गर्दी कमी असते आणि जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाटीत शेकरू दिसण्याची शक्यता अधिक असते.

माथ्यावर पाणी टिकते कसे?

डोंगराच्या टोकावर तलाव कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर दगडात आहे. सह्याद्रीचा काळा कातळ उष्ण आणि दमट हवेत दीर्घकाळ झिजत गेला. त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. हाच जांभा. लोहामुळे त्याला तांबडा रंग येतो. त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असल्याने पावसाचे पाणी तो स्पंजासारखे शोषून घेतो. खाली घट्ट चिकणमाती आणि अखंड कातळ लागला, की पाण्याची वाट अडते आणि ते आडवे झिरपत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गोव्यातील सड्यांच्या पायथ्याशी ज्या झरी वाहतात, त्यांचे रहस्यही हेच.

माथेरानला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माथ्यावरील सखल भागात बांध घालून हे पाणी अडविले गेले आणि तलाव आकारास आला. पावसाळ्यात तो भरून वाहू लागतो आणि जादा पाणी कड्यावरून दरीत कोसळते. उन्हाळ्यात मात्र पातळी खालावते आणि गर्दी नेमकी त्याच महिन्यांत वाढते.

वाटेचा आणि पाण्याचा संबंध

जो भूभाग तलावाला पाणी देतो, त्याच भूभागातून फेरीची वाट जाते. झाडांची मुळे आणि पालापाचोळा माती धरून ठेवतात. पर्यटक मळलेली वाट सोडून आडवाटेने उतरू लागले, की तेथील रोपे तुडविली जातात, माती उघडी पडते आणि पहिल्या जोरदार सरीत वाहून तलावात येते. गाळ वाढला, की साठवण घटते. वाटेवरची घोड्यांची लीद, उरलेले अन्न आणि प्लास्टिक यांचाही प्रवास उताराच्या दिशेनेच होतो. मातीची धूप थांबविण्यासाठी काही रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसविण्यात आले, तेव्हा त्यावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आहे.

म्हणूनच या तलावात पोहणे, कपडे वा भांडी धुणे टाळावे. पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी आणि रिकामी झाल्यावर परत आणावी. माकडांना खाऊ घालू नये. त्यांनी फेकलेली वेष्टनेही शेवटी काठावर येतात.

केव्हा आणि कसे जावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात धबधबे आणि धुके मोहक असले, तरी ओली तांबडी माती निसरडी होते आणि धुक्यात कड्याचा अंदाज येत नाही. गोव्याहून कोकण रेल्वेने पनवेल आणि तेथून रस्त्याने नेरळ गाठता येते. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1907 पासूनची आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा टप्पा बंद असतो. घसरणार नाहीत असे बूट, टोपी आणि थोडे खाणे एवढी तयारी पुरेशी आहे.

फेरी संपवून बाजारपेठेत परतल्यावर बहुतेक जण आधी चहा मागवतात. त्या चहाच्या पाण्याचा या तलावाशी असलेला संबंध ज्याला कळला, त्याला काठावर कचरा का टाकू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.