मेंदूतील लहरी आणि विद्यार्थ्यांची झोप

मानवी मेंदूत अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह अखंड चालू असतात. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये त्यांची नोंद घेतली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. या लहरींचे प्रकार दर सेकंदाच्या आवर्तनांवरून ठरतात. मन कामात गुंतले असता १३ हून अधिक आवर्तनांच्या बीटा लहरी आढळतात. डोळे मिटून स्वस्थ बसताच ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी उमटतात. डोळा लागताना थीटा, तर गाढ झोपेत ४ हून कमी आवर्तनांच्या संथ डेल्टा लहरी दिसतात.

झोपेत ध्वनिमुद्रित धडे ऐकून अभ्यास होतो, असा समज एके काळी रूढ होता. अमेरिकेतील सायमन व एमन्स यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहरींची नोंद ठेवून झोपलेल्यांना प्रश्नोत्तरे ऐकविली. खऱ्या झोपेत ऐकलेले स्मरणात राहिल्याचे आढळले नाही. मात्र जागेपणी शिकलेले स्मृतीत पक्के होण्यास गाढ झोपेचे साहाय्य होते, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे.

म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी केलेल्या अभ्यासाचेच नुकसान करतो. शिक्षकांनी पालकांना हे समजावून द्यावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. परीक्षेच्या काळात तरी पंचायत सदस्यांनी तिचे पालन कटाक्षाने करवून घेतल्यास गावातील मुलांच्या अभ्यासाला मोठाच हातभार लागेल.