बर्फ घड्याळ पाहून जमत नाही

मुंबईचा जुलै आणि नागपूरचा मे यांत फ्रीझरला अधिक त्रास कोणाचा, असे विचारले तर बहुतेकांचे बोट नागपूरकडे जाईल. कॉम्प्रेसरपुरते ते खरेही आहे. तापलेल्या हवेत उष्णता बाहेर टाकणे त्याला जड जातेच. पण आत कूलिंग कॉइलवर जमणाऱ्या बर्फाचा हिशेब उलटा निघतो. २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. ४५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या रणरणत्या दुपारी तेवढ्याच हवेत जेमतेम १३ ग्रॅम. उणे १८ अंशांची हवा मात्र घनमीटरमागे एखादा ग्रॅमच बाष्प धरू शकते. दार उघडले की बाहेरची हवा आत शिरते आणि तिच्यातले उरलेले बाष्प सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर, बर्फ होऊन बसते. म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात कॉइल नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा पावणेदोन पट वेगाने बर्फ धरणार. असे असताना दोन्ही ठिकाणच्या कोल्ड रूममध्ये डीफ्रॉस्टचा टायमर अनेकदा एकाच ठेक्यावर लावलेला असतो: दर सहा तासांनी अर्धा तास, बाराही महिने. डीफ्रॉस्टची पद्धत कोणती निवडावी यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. तो कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे आणि तो घड्याळावर सोडून देणे ही मूळ चूक आहे, असे माझे म्हणणे आहे.

बर्फाला थंडपणाचा मित्र समजण्याची सवय आपल्याला असते. कॉइलवरचा बर्फ मात्र भुसभुशीत असतो; त्यात हवा अडकलेली असते आणि लोकरीसारखा तो उष्णता अडवतो. त्याहून मोठा अपाय वेगळाच. पंख्याची हवा कॉइलच्या ज्या पातळ ॲल्युमिनियम पात्यांमधून वाहते, त्यांच्यामधल्या फटीच बुजतात. हवा फिरेना की माल गरम होऊ लागतो, कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि कॉइल आणखी थंड होऊन आणखी बर्फ ओढते. सुरुवातीचा अगदी पातळ थर फारसे नुकसान करत नाही. म्हणून फार उशिरा डीफ्रॉस्ट करणे जितके वाईट, तितकेच फार लवकर करणेही वाया जाणारे. एक किलो बाष्पाचा बर्फ होताना यंत्राला जी उष्णता उपसून बाहेर टाकावी लागते, ती विजेच्या मापात पाऊण युनिटाहून थोडी जास्त भरते. तोच एक किलो बर्फ उणे २० अंशांवरून वितळवायला युनिटाचा दहावा हिस्सा पुरेसा असतो. तरीही प्रत्यक्षात डीफ्रॉस्ट महाग पडतो, कारण दिलेली उष्णता नुसत्या बर्फात जात नाही. ती धातूत जाते, हवेत जाते, मालात जाते, आणि नंतर यंत्राला तीच पुन्हा उपसावी लागते.

म्हणून प्रत्येक पद्धतीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: उष्णता येते कुठून? दूध, दही, शीतपेये यांच्या फ्रिजमध्ये याचे उत्तर फार सुंदर आहे. आतली हवा दोन ते पाच अंशांवर, म्हणजे शून्याच्या वर असते; कॉइल तेवढी शून्याखाली जाते. कॉम्प्रेसर थांबवून पंखा चालू ठेवला की आतलीच हवा कॉइलवरून वाहत बर्फ वितळवते आणि तसे करताना स्वतः थंड होते. बर्फात अडकलेला गारवा मालाला परत मिळतो, वेगळी उष्णता विकत घ्यावी लागत नाही. अशा फ्रिजला हीटर बसवणे म्हणजे ओलावा असलेल्या शेतात पंप चालवणे.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ही सोय नाही. तिथली हवा बर्फ वितळवू शकत नाही. तिथे सर्वाधिक दिसतो तो विजेचा हीटर. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्येही हीच युक्ती असते. कॉम्प्रेसर आणि पंखे थांबतात, कॉइलमधल्या सळ्या तापतात, पाणी तबकात ओघळते. निचऱ्याची नळीही तापवावी लागते, नाहीतर पाणी तिथेच गोठून नळी बंद. मग थेंब गळून जाण्यासाठी थोडी उसंत, मग कॉम्प्रेसर, आणि कॉइल पुन्हा थंड झाल्यावरच पंखे. हा शेवटचा क्रम मोलाचा आहे. पंखे आधी सुरू झाले तर ऊबदार ओली हवा थेट मालावर जाते. हीटर स्वस्त, बसवायला सोपा, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करू शकेल असा; पण बाहेरून तापवणारा असल्यामुळे त्याची बरीच ऊब कोल्ड रूममध्येच सांडते.

कॉम्प्रेसरमधून निघणारा गरम वायू कॉइलच्या नळ्यांत उलट सोडला, तर ऊब आतून बाहेर येते. बर्फाचा नळीला चिकटलेला थर आधी सुटतो, काम लवकर होते, आणि एरवी बाहेर टाकायचीच असलेली उष्णता कामी येते. हॉटेलांतल्या बर्फाच्या मशिनमध्ये साच्यातून खडे सुटतात ते याच मार्गाने. अनेक कॉइल असलेल्या मोठ्या अमोनिया प्रकल्पांत ही पद्धत फार शोभते, कारण एक कॉइल वितळत असताना बाकीच्या चालू राहून गरम वायू पुरवतात. मात्र वितळलेल्या कॉइलमधला दाब हळूहळू उतरवल्याशिवाय तिला पुन्हा थंड बाजूला जोडता येत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील थिओडोर येथे मिलार्ड रेफ्रिजरेटेड सर्व्हिसेसच्या शीतगृहात २३ ऑगस्ट २०१० रोजी नेमके हेच घडले. आदल्या दिवशी सात तासांहून अधिक काळ वीज गेली होती. यंत्रणा पुन्हा सुरू करताना नियंत्रण रीसेट झाले आणि डीफ्रॉस्टमध्ये असलेली कॉइल, आत दाबाखालचा गरम वायू असतानाच, थेट थंड करण्याच्या क्रमावर गेली. द्रवाच्या तडाख्याने छतावरची नळी आणि कॉइलचा जोड फुटला. १४ हजार किलोंहून अधिक अमोनिया बाहेर पडला आणि दीडशेहून जास्त लोकांना त्याची बाधा झाली. पद्धत दोषी नव्हती. दोष होता तो कॉइल कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता पुढच्या पायरीवर जाणाऱ्या क्रमाचा.

कॉइलवर पाणी सोडण्याची पद्धत साधी आणि जलद आहे, निचरा चोख असेल तर. आइस्क्रीमच्या आडव्या डीप फ्रीझरला बहुधा यातले काहीच नसते. झाकण वर असल्यामुळे जड थंड हवा सांडत नाही, बर्फ सावकाश जमतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बंद करून साफ करणे पुरते. तो सुरीने खरवडू नये, एवढे मात्र कळकळीने सांगावेसे वाटते; भिंतीतली नळी फुटली की वायू जातो आणि बहुधा त्याबरोबर फ्रीझरही.

आता घड्याळाच्या बाजूने जे बोलले जाते त्याकडे. टायमर बिघडला तर कळतो, कुठेही मिळतो; गरजेनुसार डीफ्रॉस्ट करणारी यंत्रणा हवेच्या दाबातला फरक, कॉइल आणि हवेच्या तापमानातले अंतर किंवा दार उघडण्याची संख्या मोजते, आणि एक सेन्सर चुकला तर कॉइलचा बर्फाचा ठोकळा होतो. तालुक्याच्या गावी तो सेन्सर बदलणार कोण? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. पण त्यातून घड्याळ सुरुवातीपुरतेच समर्थनीय ठरते, शेवटासाठी नाही. डीफ्रॉस्ट थांबवण्याचे काम कॉइलवर बसवलेला साधा थर्मोस्टॅट करू शकतो. बर्फ असेपर्यंत कॉइल शून्याच्या आसपास अडकून राहते. ती दहा-बारा अंशांवर गेली म्हणजे बर्फ संपला. घड्याळ तेव्हा फक्त कमाल मर्यादेचा राखणदार म्हणून ठेवावे. ‘थोडा जास्त वेळ तापले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांनी आइस्क्रीमकडे पाहावे. तापमान वरखाली झाले की त्यातले बारीक बर्फकण विरघळून मोठ्या कणांवर पुन्हा गोठतात, आणि ते जिभेला रवाळ लागते. गोठवलेले अन्न उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवायचे हा दंडकही अर्धा तास हीटर जाळताना विसरता येत नाही.

ज्यांच्याकडे सेन्सर नाही, त्यांच्याकडे बादली असते. निचऱ्याची नळी बाहेर काढलेल्या कोल्ड रूममध्ये एका डीफ्रॉस्टचे पाणी मोजून पाहावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो बर्फ. दीड किलोवॉटचा हीटर अर्ध्या तासात पाऊण युनिट जाळतो, म्हणजे हिशेबाने सात किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता देतो. बादलीत अर्धा लिटरच पाणी आले आणि नळी तुंबलेली नसेल, तर दिवसातल्या चार डीफ्रॉस्टपैकी दोन कमी करून आठवडाभर कॉइल तपासावी. बादली भरू लागली, तर आधी दाराचे रबर आणि दार उघडे राहण्याची वेळ पाहावी, मग टायमरला हात लावावा. हे मोजमाप जूनअखेर एकदा आणि थंडीत एकदा घ्यावे. दोन्ही आकडे टायमरच्या झाकणावर आतून लिहून ठेवले, तर पुढच्या मेकॅनिकला ते दिसतील.